निवृत्तीचें धन आणि परक्याचें दुखणें

आमचे एक वृद्ध स्नेही वर्ध्यास राहतात. एका खासगी संस्थेच्या कचेरींत चौतीस वर्षें हिशेबनिसाचें काम करून ते गेल्या वर्षीं निवृत्त झाले, तेव्हां प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यांत पहिल्यानेंच एक मोठी रक्कम त्यांच्या हातीं आली. सरकारी नोकराप्रमाणें पेन्शन त्यांना नव्हतें. ज्या योजनेखालीं त्यांना दरमहा कांहीं मिळावयाचें, तिचें किमान निवृत्तिवेतन २०१४ सालीं १,००० रुपये ठरविण्यांत आलें होतें, एवढें सांगितलें म्हणजे तिच्या भरंवशावर म्हातारपण काढतां येईल कीं नाहीं हें वाचकांनीं ताडावें. पत्नीला मधुमेह आहे, मुलगी सासरीं सुखी आहे, आणि मुलगा नाहीं. अशा स्थितींत त्यांचा पुतण्या नागपुराहून आला व त्यानें एक कागद त्यांच्यापुढें ठेवला. त्यावर दोन प्रकारचे शेअर लिहिलेले होते: औषधें करणाऱ्या व इस्पितळें चालविणाऱ्या कंपन्यांचे, आणि वर्षानुवर्षें न चुकतां लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे.

“काका,” तो म्हणाला, “माणूस कपडे घेणें लांबणीवर टाकील, गाडी घेणें टाकील, औषध घेणें टाकील का? देशांत म्हातारीं माणसें वाढत चाललीं, मधुमेह घरोघर आला. हा धंदा बसायचा नाहीं.”

आमचे स्नेही थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे लोकांनीं आजारी पडत राहावें, यावर माझी भाकरी म्हणायची.”

पुतण्या हसला. काकूही हसल्या. परंतु तें वाक्य ज्या गांवांत उच्चारलें गेलें त्या गांवाचा विचार करतां आम्हांला तें हसण्यावारी नेववेना.

वर्ध्यापासून आठ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी तेथें, म्हणजे त्या वेळच्या सेगांवांत, राहावयास आले. महारोगानें पीडलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री पुढें त्यांच्या आश्रयाला आले, तेव्हां शास्त्रीबोवांच्या अंगाला तेल चोळण्याचें काम गांधीजी स्वतः करीत. त्यांची कुटी अद्याप पाहावयास मिळते. त्याच १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं जवळच दत्तपूर येथें महारोग्यांच्या सेवेचें कार्य उभें केलें. धाम नदीच्या कांठीं पवनारला विनोबांनीं १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावांचून आश्रम चालवून पाहण्याचा, प्रयोग आरंभिला. श्रमावांचून मिळालेली संपत्ति आणि नीतीवांचून केलेला व्यापार हीं दोन्ही १९२५ सालीं ‘यंग इंडिया’मध्यें छापलेल्या सामाजिक पापांच्या यादींत आहेत. लाभांश म्हणजे तरी काय? दारांतल्या आरामखुर्चीवर बसून राहिलें असतां जें चालत येतें तें. ज्यानें बाळपणापासून हें सारें ऐकलें, त्याला तो कागद पाहून ठसका लागावा यांत नवल तें कोणतें?

परंतु याच वर्ध्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती दृष्टीआड केली तर न्याय होणार नाहीं. सेगांवची बरीचशी जमीन जमनालाल बजाज यांच्या मालकीची होती. जमनालालजी वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरीं दत्तक आले. सतराव्या वर्षीं आजोबांशीं खटका उडाला, तेव्हां साऱ्या इस्टेटीवर पाणी सोडल्याचें पत्र लिहून ते घराबाहेर पडले. समजूत घालून त्यांना परत आणण्यांत आलें. पण परत आल्यावर ते बैरागी झाले नाहींत. त्यांनीं व्यापार केला, वाढविला, त्यांत पैसा मिळविला, आणि त्या पैशाचे आपण मालक नसून विश्वस्त आहों अशा बुद्धीनें तो खर्च करण्याचा यत्न ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं मृत्यु येईपर्यंत चालविला. आश्रमाच्या चुलींत जें सरपण जळत होतें तें बऱ्याच अंशीं व्यापाराच्या नफ्याचें होतें, हें आश्रमवासीयांनाही ठाऊक होतें. नफ्याला स्पर्शच करूं नये असें गांधीजींचें म्हणणें असतें, तर त्यांनीं जमनालालजींना पुत्र मानलें नसतें.

येथपर्यंत आमच्या स्नेह्यांची आणि आमची एकवाक्यता होती. मतभेद पुढें झाला. विश्वस्तवृत्तीची कल्पना ज्या काळीं मांडली गेली, त्या काळीं मालकाला एक चेहरा होता. जमनालालजींना रस्त्यांत गांठून कोणीही जाब विचारूं शके. वर्ध्याचें लक्ष्मीनारायणाचें देऊळ १९२८ सालीं त्यांनीं अस्पृश्यांना खुलें केलें तें त्यांचा त्यावर अधिकार होता म्हणून, आणि त्याबद्दल स्वकीयांचा रोष त्यांनाच सोसावा लागला. आज त्याच घराण्यांतील कंपन्यांचे भाग मुंबईच्या बाजारांत दररोज हात बदलतात. १९४५ सालीं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नांवानें निघालेली कंपनी पुढें बजाज ऑटो झाली. तिचे भागधारक लाखोंच्या घरांत असतील. शंभर शेअर ज्याच्याजवळ आहेत तो माणूस मालक आहे काय? कायद्यानें आहे. पण आपण विश्वस्त आहों असें त्याच्या मनांत कधीं स्वप्नांतही येत नाहीं. गांवचा सावकार कितीही कठोर असला तरी ज्याचें घर लिलावांत जायचें त्याच्या बायकोचें रडणें त्याच्या कानीं पडत असे. शेअर घेणाऱ्याच्या कानीं कांहींच पडत नाहीं. त्याला एक आंकडा तेवढा दिसतो, आणि तो हिरवा आहे कीं तांबडा हें दिसतें.

पुतण्याचा पहिला युक्तिवाद असा कीं, डॉक्टरही आजारावरच जगतो, आणि धान्याचा व्यापारी भुकेवर. मग त्यांना कोणी पापी म्हणत नाहीं तें कां? हा युक्तिवाद वरवरचा नाहीं. ज्याची गरज आहे तें पुरवून पोट भरणें हा जगांतल्या बहुतेक सर्व प्रामाणिक धंद्यांचा पाया आहे. काकूंना रोज ज्या गोळ्या लागतात त्या कोठल्या तरी कारखान्यांत होतात, त्या कारखान्याला भांडवल लागतें, आणि भांडवल देणाऱ्यानें मोबदल्याची अपेक्षा केली तर तो राक्षस ठरत नाहीं. आमच्या मतें भेद येथें नाहीं. भेद आहे तो इच्छेंत. चांगला डॉक्टर रोग्याकडून पैसे घेतो, पण रोगी बरा झाला म्हणजे त्याला आनंद होतो, कारण त्याचा हात रोग्याच्या नाडीवर असतो. शेअर घेणाऱ्याचा हात कोणत्या नाडीवर असतो? सकाळीं वर्तमानपत्र उघडल्यावर कोणती बातमी वाचून आपल्याला बरें वाटलें, हें ज्यानें त्यानें स्वतःशीं प्रामाणिकपणें पाहावें.

दोन उदाहरणें देतों. फेब्रुवारी २०१७ मध्यें सरकारनें हृदयाच्या रक्तवाहिनींत बसविण्याच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवून दिली: साध्याची ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये. त्याआधीं याच वस्तूसाठीं रोग्याकडून लाखाच्या वर रकमा घेतल्या जात. आतां असें समजा कीं, एका निवृत्त गृहस्थाजवळ इस्पितळ चालविणाऱ्या कंपनीचे शेअर आहेत आणि त्याच्याच छातींत कळ येते. ती बातमी वाचून त्यानें रडावें कीं हसावें? भागधारक म्हणून त्याचा तोटा आणि रोगी म्हणून त्याचा फायदा. माणूस मात्र एकच. दुसरें उदाहरण २०२१ च्या एप्रिल महिन्यांतलें. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत रेमडेसिविरच्या एका कुपीसाठीं लोक रात्ररात्र रांगेंत उभे होते, काळ्या बाजारांत तिला वाटेल ती किंमत मागितली जात होती. पुढच्याच महिन्यांत वर्ध्यांतल्याच एका कारखान्यांत तें औषध तयार होऊं लागलें तेव्हां विदर्भानें सुटकेचा नि:श्वास टाकला. त्या दिवसांत औषधाच्या कंपन्यांचे शेअर जवळ असलेल्या आमच्या एका परिचितानें आम्हांला अगदीं निरागसपणें सांगितलें कीं, यंदा आपलें बरें चाललें आहे. तो दुष्ट नव्हता. शेजारच्या घरीं तो स्वतः डबा पोंचवीत होता. पण त्याचें पाकीट आणि त्याचें हृदय हीं दोन निरनिराळ्या दिशांना पाहत होतीं, आणि ही गोष्ट त्याच्या ध्यानींही आली नव्हती. आम्हांला खरें भय वाटतें तें या न कळण्याचें.

उलट बाजूचें उदाहरणही इतकेंच खरें आहे. सिप्ला ही कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं मुंबईंत काढली. १९३९ सालीं गांधीजी ती पाहून आले होते. १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या पदार्थावर नव्हे तर तें तयार करण्याच्या रीतीवरच मक्ता राहिला, त्यामुळें या कंपनीसारख्या देशी कंपन्यांना तींच औषधें निराळ्या रीतीनें व थोड्या खर्चांत करतां येऊं लागलीं. पुढें २००१ सालीं सिप्लानें एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरांत एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेला देऊं केला. पाश्चात्य कंपन्या त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक घेत होत्या. तेव्हां सिप्ला ही कांहीं धर्मादाय संस्था नव्हती. तिला भागधारक होते आणि तिला नफाही होत होता. म्हणजे नफा आणि दया यांचें सापमुंगसाचें वैर आहे असें नाहीं. कंपनी तीच, धंदा तोच. पण किंमत ठरविणारा कोण आणि तो कोणाकडे पाहून ती ठरवितो, यावर सारें अवलंबून असतें.

लाभांशासंबंधींही दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण मध्यमवर्गांत त्याविषयीं एक गोड भ्रम आहे. लाभांश हा आकाशांतून पडत नाहीं. ५०० रुपयांच्या शेअरवर २० रुपये लाभांश मिळाला, तर ज्या दिवसापासून नव्या खरीददाराला तो मिळावयाचा बंद होतो त्या दिवशीं, इतर कांहीं न घडल्यास, शेअरची किंमत सुमारें तेवढीच उतरते. एका खिशांतून काढून दुसऱ्या खिशांत घातलें, आणि मधल्या मधें १ एप्रिल २०२० पासून त्यावर प्राप्तिकर भागधारकाच्या माथीं आला. शिवाय, लाभांशाचें प्रमाण मोठें दिसतें तें पुष्कळदां कंपनी उदार आहे म्हणून नव्हे, तर तिच्या शेअरची किंमत कोसळली आहे म्हणून: ५०० चा शेअर २५० वर आला कीं तेच २० रुपये शेंकडा चाराऐवजीं शेंकडा आठ दिसूं लागतात. औषधाच्या पुष्कळ देशी कंपन्या तर नफ्याचा मोठा भाग संशोधनांत आणि कारखान्यांत घालतात आणि लाभांश बेताचाच देतात. तेव्हां ‘औषध’ आणि ‘लाभांश’ हे पुतण्याच्या कागदावरचे दोन स्तंभ एकमेकांना टेंकू देतीलच असें नाहीं. आणि शाश्वत धंदा म्हणाल, तर वर्ध्याच्या माणसाला त्याची आठवण करून द्यावी लागूं नये. कापूस पिकतो तोंवर गिरणी चालेल, लोक वस्त्र नेसतात तोंवर कापड खपेल, असें आपले वाडवडील म्हणत. कापूस आजही पिकतो, लोक आजही वस्त्र नेसतात, आणि पुलगांवची कापडगिरणी बंद पडली.

त्या कागदावर आणखी एक गंमत होती. नियमित लाभांश देणाऱ्यांच्या स्तंभांत सिगारेटचा मोठा व्यवसाय असलेल्या एका कंपनीचें नांव होतें, आणि त्याच्याच शेजारीं, इस्पितळांच्या स्तंभांत, कर्करोगाच्या उपचारासाठीं नांवाजलेल्या एका कंपनीचें. पुतण्यानें तें मुद्दाम केलें नव्हतें. त्याच्या दृष्टीनें ते दोन आंकडे होते. आमच्या स्नेह्यांनीं पहिल्या नांवावर काट मारली, तेव्हां कोणीच वाद घातला नाहीं. कांहीं प्रश्न सुदैवानें सोपे असतात.

अवघड प्रश्न उरला तो दुसऱ्या नांवाचा. पुतण्यानें शेवटचें शस्त्र काढलें. तो म्हणाला, “बाजारांत शेअर घेतला म्हणजे पैसे कंपनीला जात नाहींत, ज्यानें विकला त्याला जातात. तुमच्या घेण्यानें एकही रोगी वाढत नाहीं कीं कमी होत नाहीं.” यावर काकांनीं दिलेलें उत्तर आम्हांला आवडलें. ते म्हणाले, “मग तर अधिकच वाईट. माझे पैसे कंपनीला गेले असते तर निदान एखादी खाट तरी वाढली असती. तूं म्हणतोस त्याप्रमाणें मी खाट वाढवीत नाहीं, औषध वाढवीत नाहीं, केवळ वाटा घेणाऱ्यांच्या पंक्तींत दुसऱ्याच्या पाटावर जाऊन बसतों.”

याच सुमारास त्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची ज्वारीची योजना आठवली. १९६९ सालीं त्या रुग्णालयाला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, आणि १९८० च्या आसपास तेथील डॉक्टरांनीं आजूबाजूच्या खेड्यांत एक विलक्षण विमा चालविला. ज्वारीचें पीक घरीं आलें म्हणजे प्रत्येक कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावयाची, जमीनवाल्यानें अधिक, मजुरानें थोडी. आणि वर्षभर गांवांत औषधपाणी व इस्पितळांत मोफत किंवा सवलतीनें उपचार मिळावयाचा. गांवांतलीं बहुसंख्य घरें सामील झालीं तरच गांव घ्यावयाचें, असा नियम. या योजनेंत ज्वारी देणाऱ्याची इच्छा काय असते, तर आपली ज्वारी वाया जावी! इस्पितळाचें तोंड न पाहतां वर्ष सरावें, यांत त्याला सुख. पाहा, पुतण्याच्या कागदावरची इच्छा हिच्या अगदीं उलट वाहते. आमचे स्नेही म्हणाले, “मला ज्वारी देणाऱ्यांत बसायचें आहे, घेणाऱ्यांत नव्हे.”

येथें काकू बोलल्या. इतका वेळ त्या भाजी निवडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ज्वारी द्यायला आपलें शेत कुठें आहे? आणि मला रोजचीं औषधें लागतात तीं उद्यां कोण आणणार? जांवयाकडे हात पसरायचा का?” मग थोडें थांबून, “तुकोबांनीं कर्जाचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं म्हणतात. पण धाकट्या भावाच्या वाट्याचीं आधीं वेगळीं काढून त्याच्या हातांत दिलीं होतीं. तुमच्या वाट्याचे तुम्हीं खुशाल बुडवा.”

ती कथा आम्हीं शेंकडों वेळां ऐकली आहे आणि प्रत्येक वेळीं इंद्रायणीच्या पाण्याकडेच पाहिलें आहे. भावाला दिलेल्या अर्ध्या खतांकडे आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. तुकोबांचें वैराग्य खरें होतें. म्हणूनच तें त्यांनीं दुसऱ्याच्या पदरच्या पैशानें विकत घेतलें नाहीं. आपल्या घरांतले पुष्कळसे ध्येयवादी पुरुष या कसोटीला उतरत नाहींत. त्यांच्या अपरिग्रहाचा खर्च त्यांच्या बायकांनीं दागिने मोडून भागविलेला असतो, आणि चरित्रकार त्या दागिन्यांची नोंदही करीत नाहींत. शिवाय शुद्ध पैसा आहे तरी कोठें? काकांनीं सरकारी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचें नांव काढलें. साठ वर्षांवरील माणसाला तींत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवतां येतात, आणि मुद्दल सुरक्षित राहतें. योजना उत्तम आहे. पण तिचें व्याज ज्या तिजोरींतून यावयाचें तींत तंबाखूवरील कराचाही पैसा येतो. दारूबंदीच्या जिल्ह्यांत राहून आपण हात धुतले असें समजणें सोपें असतें. पाणी कोणत्या विहिरीचें आहे हें पाहणें तितकें सोपें नसतें.

तेव्हां आमचें मत विचाराल तर असें आहे. औषधाच्या किंवा इस्पितळाच्या कंपनीचा भाग घेणें हें पाप नाहीं. म्हातारपणीं कोणाच्या ओंजळीनें पाणी पिण्याची वेळ येऊं नये म्हणून तजवीज करणें हें तर कर्तव्य आहे, आणि ज्याच्या पदरीं कोणी अवलंबून आहे त्याला तें टाळतां येत नाहीं. परंतु मालकी घ्यावयाची आणि मालकाचे डोळे मात्र मिटून घ्यावयाचे, ही गोष्ट आम्हांला पाप वाटते. ज्या कंपनीच्या नफ्यांतून आपली भाकरी येते, ती औषध किती किमतीला विकते, इस्पितळांत गरिबाला दारांतून परत लावते कीं काय, हें विचारण्याचा अधिकार त्या शंभर शेअरांबरोबर आपल्याला मिळालेला असतो. आपल्यापैकीं कितीजण तो वापरतात? वार्षिक अहवाल येतो तो न वाचतां आपण लाभांश जमा झाला कीं नाहीं तेवढें बँकेंत पाहतों. एका म्हाताऱ्याच्या प्रश्नानें कंपनी वळणार नाहीं, हें आम्हांलाही समजतें. पण जो प्रश्न विचारतो त्याला, निदान तो विचारीपर्यंत, समोरच्या रोग्याचा विसर पडूं शकत नाहीं. आणि हरवत चाललेली वस्तु तर तीच होती.

हें मत त्या घरीं सर्वांना पटलें असें नाहीं. पुतण्याला तें अव्यवहारी वाटलें, काकांना तें पळवाट वाटली. शेवटीं रकमेचे दोन भाग झाले. काकांच्या नांवचा भाग सरकारी योजनेंत गेला. काकूंच्या नांवच्या भागांतून थोडे शेअर घेण्यांत आले. कर्करोगाच्या इस्पितळाचे नव्हे, मधुमेहाचीं औषधें करणाऱ्या एका कंपनीचे. “ती कंपनी माझ्याच गोळ्यांवर चालते,” असें त्या म्हणाल्या, “तेव्हां तिच्यावर माझा थोडा हक्क आहे.”

पुष्कळ कंपन्यांच्या वार्षिक सभा २०२० पासून दूरचित्राच्या द्वारें होऊं लागल्या आहेत, आणि आधीं नांव कळविलें तर भागधारकाला घरीं बसून बोलतां येतें. परवां आम्ही त्यांच्याकडे गेलों तेव्हां काका नाकावर चष्मा ठेवून प्रश्न लिहीत बसले होते. गोळ्यांच्या एका पाकिटाची किंमत दोन वर्षांत किती वाढली, हें त्यांनीं जुन्या पावत्यांवरून, हिशेबनिसाच्या सवयीनें, तारीखवार मांडलें होतें. काकूंनीं तो कागद वाचला, तीन ओळी खोडल्या, आणि प्रश्न आपण स्वतः विचारणार असें सांगितलें, कारण शेअर त्यांच्या नांवावर होते.